मण्यांचं पाऊल

मिरजगाव, ता. कर्जत
८ डिसेंबर २०२४

चि. वृषाली हिस,
सप्रेम जय भीम.

फोन रोज होतोच, तरी हे पत्र लिहितोय, कारण हा विषय तुझ्या आईसमोर बोलता येत नाही. आत्ता ती शेजारी कडूबाईच्या ओट्यावर गप्पा मारायला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो.

नात झाली त्या दिवशी चौकात पेढे वाटले. माझी सगळी नोकरी एसटीत 'चला, पुढं सरका' असं ओरडण्यात गेली, पण 'नात झाली' म्हणून त्या दिवशी ओरडलो तेवढा कधी ओरडलो नव्हतो. घरात तर जत्रा. सम्राटच्या मोबाईलवर तुम्ही पाठवलेला फोटो सगळ्यांनी बघितला. कडूबाई म्हणाली, डोळे वृषालीचे. सम्राट म्हणाला, नाक दाजींचं. तुझी आई सगळ्यांना चहा देत होती आणि ऐकत होती.

मंडळी गेल्यावर मला म्हणाली, "अवो, समद्यांनी पोरगी बघितली. मी काय बघू?"

काचबिंदूनं नजर गेल्यापासून ती असं कधी बोलली नव्हती. स्वयंपाक करते, धुणं करते, मला उगाच हात लावू देत नाही. फक्त तिचं ते मॅटीवरचं मण्यांचं काम तेवढं गुंडाळून ठेवलंय, त्याला परत हात लावलेला नाही.

मी म्हटलं, "काय बघायचं ते सांग, मी बघून सांगतो."

"पाय कसं हायती तिचं? हितं बाळतपन झालं असतं तर मी त्याल लावलं असतं, चोळलं असतं. तोंडाचं समदी सांगत्यात, पायाचं कोन सांगंना."

"बारीक आहेत, मऊ आहेत."

"बारीक म्हंजी केवढं?"

आता यावर मी काय सांगणार? बाई, तयार वस्तू काही पाठवू नकोस. ते बोलणारं घड्याळ तू पाठवलंस, त्याला एकदा वेळ विचारून तिनं फळीवर ठेवून दिलं. तिच्या हाताला काम लागेल असं काहीतरी बघ. तू तिकडे चित्रांचंच काम करतेस ना?

महेंद्ररावांना जय भीम. नातीला पापा.

तुझा,
अप्पा


ओसाका
२६ डिसेंबर २०२४

प्रिय अप्पा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग टेबलाचा खण उचकला. दवाखान्यातून निघताना त्यांनी उत्पलाच्या पायाला काळी शाई लावून कागदावर ठसा घेतला होता. उजवा पाय. पांढऱ्या कागदावर काळं पाऊल, मधला कुठला रंगच नाही. आणि अप्पा, मी पोटासाठी जे काम करते ते नेमकं अशाच चित्रांचं आहे.

तुम्ही मागे विचारलं होतं, आमची कंपनी बनवते ते फॅक्सचं मशीन नक्की करतं काय. आज सांगते. इथे अजून दवाखाने आणि दुकानं सर्रास फॅक्स वापरतात. मशीन कागदाच्या बारीक आडव्या ओळी पाडतं. प्रत्येक ओळीत बारीक घरं. एखादं घर एक तर पांढरं असतं, नाही तर काळं. पण प्रत्येक घर वेगळं सांगत बसलं तर दिवस जाईल. म्हणून मशीन म्हणतं, 'इतकी पांढरी, मग इतकी काळी, मग इतकी पांढरी.' संपली ओळ. पलीकडचं मशीन तेवढ्यावरून हुबेहूब तीच ओळ काढतं. सांगणं आखूड होतं, पण एक ठिपकाही हरवत नाही. मोबाईलवरचा फोटो लहान करताना डोळ्याला कळणार नाही ते खुशाल टाकून देतात. आईच्या बाबतीत तसं करून कसं चालेल?

मॅटीच्या कापडाला घरं असतातच. मी ठशावर तशीच घरं आखली आहेत. पांढरं म्हणजे कोरं घर, काळं म्हणजे एक मणी. पाऊल खरोखरीच्या मापाचंच होईल. डाव्या बाजूला एक जाड दोरा शिवून घ्या, म्हणजे आईच्या बोटाला सुरुवात कळेल. प्रत्येक ओळीचा पहिला आकडा कोऱ्या घरांचा, दुसरा मण्यांचा, तिसरा परत कोऱ्यांचा, असं ओळ संपेपर्यंत आलटून पालटून. तुम्ही वाचायचं, आईनं टाचायचं.

सोबतच्या कागदावर बोटं आणि चवड्याची सुरुवात आहे. हे कशाचं आहे ते तिला आधी सांगू नका.

तुमची,
वृषाली


मिरजगाव
१६ जानेवारी २०२५

चि. वृषाली,
सप्रेम जय भीम.

तू सांगू नको म्हणालीस आणि मी सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं. ते कसं, ऐक.

कर्जतच्या बाजारातून मॅटी आणि काळे मणी आणले. लाकडी चौकटीवर कापड ताणून दिलं. आधी म्हणाली, "न्हाई जमायचं मला. बोटं इसरली आता." मी सुया ओवून ओळीनं उशीत खोचून ठेवल्या आणि पहिली ओळ वाचली. तिनं नुसतंच ऐकलं. दुसऱ्यांदा वाचली. मग हात पुढे झाला.

पहिल्या ओळींत नुसते दोन-तीन मणी. मग मधेच कोरं, मग परत मणी, परत कोरं. तिला वाटलं तू फूल पाठवलंयस. रोज सकाळी भाकरी झाल्या की बसायचं. मी आकडे वाचतो, ती टाचते. माझा आकडा चुकला की तीच धरते. "मगाशी सा म्हनला, आता पाच कसं? नीट बघून वाचा." मी जन्मभर लोकांना सुटे मागितले, आता बायको माझ्याकडून आकडे मागते आहे.

पाचवं बोट पुरं झालं त्या दिवशी तिनं सवयीनं वरून हात फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. मग एकेका बोटावर थांबली. मोठ्यापासून करंगळीपर्यंत गेली आणि तिथंच राहिली.

"अवो."

"काय गं?"

"ही करंगळी हाय." आणि मग मोठ्यांदा, "आगं बया! वाटाण्यायेवढी हाय की वो करंगळी!"

वृषाली, कडूबाई पलीकडून पळत आली, तिला वाटलं काय झालं. तुझी आई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. कडूबाईचं बोट धरून तिनं त्या करंगळीवर ठेवलं. "बघ, बघ माज्या नातीचा पाय."

आता एकच अडचण. आकडे लई आहेत. माझा चष्मा सारखा खाली येतो आणि प्रत्येक ओळीला दोऱ्यापासून मोजत यायचं म्हणजे तिचाही खांदा भरून येतो. आखूड करता येईल का?

तुझा,
अप्पा


ओसाका
३१ जानेवारी २०२५

प्रिय अप्पा,

तुमचं पत्र महेंद्रला वाचून दाखवलं. 'वाटाण्याएवढी' हा शब्द आता आमच्या घरात उत्पलाचं टोपणनाव झाला आहे.

आखूड करता येतं, आणि तेही फॅक्सवाल्यांनी आधीच करून ठेवलंय. चित्रातली कुठलीही ओळ तिच्या वरच्या ओळीसारखीच असते, फरक असतो तो एखाद्या घराचा. मग सगळं पुन्हा कशाला मोजायचं? फक्त फरक सांगायचा. 'वरच्यासारखंच.' किंवा 'डावी कड एक घर आत.' किंवा 'उजवी कड एक घर बाहेर.' बोटं संपली आहेत, आता चवड्यापासून टाचेपर्यंत सलग काळंच आहे, म्हणजे प्रत्येक ओळीला दोनच कडा.

आणि आईसाठी तर हे जास्तच सोपं. तिनं दोऱ्यापासून मोजायचंच नाही. वरच्या ओळीचा पहिला मणी बोटानं चाचपायचा आणि त्याच्याखाली, किंवा एक घर बाजूला, सुरू करायचं. शेवटच्या मण्याचं तसंच.

बाकीचं सगळं पाऊल या एका कागदावर मावलं आहे. इथे बर्फ पडतोय. उत्पला मोज्यांत आणि दुलईत गुंडाळलेली, नुसतं तोंड बाहेर.

तुमची,
वृषाली


ओसाका
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय अप्पा,

पत्र नाही. फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि आईला देता. आई आधी किती बोलायची! आता फक्त ऐकते. परवा मी विचारलं, पाऊल कुठपर्यंत आलं? तर म्हणाली, "हुईल." मग मधेच, "पोरगी पाय झाडती का गं?" मी हो म्हटलं तर गप्प.

मला कळतंय तिला काय बोचतंय. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही. डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं होतं, पण तिच्या मनातून ते गेलं नाही ना? मी पाऊल पाठवलं आणि उलट तिच्या जखमेवरच बोट ठेवलं, असं मला वाटायला लागलंय. रागावली असेल तर तिला म्हणावं, मला रागाव. गप्प बसू नकोस.

वृषाली


मिरजगाव
१ मार्च २०२५

चि. वृषाली हिस,

हे पत्र तुझी आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. फोनवर विचारायला तिनं मला बंदी केली. ती म्हणते, फोनवर तू "काही नाही" म्हणशील आणि आम्हाला ते मानावं लागेल.

पाऊल पुरं झालं. तुझ्या नव्या रीतीनं भराभर झालं. शेवटचा मणी टाचून तिनं वरून खालपर्यंत हात फिरवला. हसत फिरवला. अर्ध्यावर हात थांबला. परत वरून आली, परत तिथंच थांबली. मग मला म्हणाली, "तुमी बघा."

मी बघितलं. चवडा सरळ आहे आणि तिथून खाली टाच एका बाजूला सरकलेली आहे. पाय मधूनच मुडपल्यासारखा.

तेव्हापासून आम्हाला एकेक गोष्ट आठवायला लागली. फोनवर बघावं तर पोरीच्या पायात मोजे. सम्राट म्हणाला, तिकडं थंडी आहे. पण एकदाही पाय दाखवले नाहीत, बाई.

आता तुझ्या आईचे शब्द. "वृषे, तू तोंडानं सांगितलं न्हाईस, पर मन्यांनी सांगितलंस. तुला बोलवंना म्हनून तू आसं कळवलंस, व्हय ना? मला वाईट न्हाई वाटलं. मला दिसत न्हाई म्हनून मी काय कमी झाले का? माजं घर चालतंय. पोरीचंबी चालंल. तिला कुनाम्होरं लपवू नगंस. आनि आमच्यापासून तर आजाबात न्हाई."

मी परवा नगरला जाऊन हाडांच्या डॉक्टरला विचारून आलो. ते म्हणाले, लहानपणीच प्लास्टर घालत गेलं तर असे पाय सरळ होतात, लेकरू पळतं सुद्धा. तिकडे चांगले डॉक्टर असतीलच. नसले तर तू इकडे ये. आम्ही दोघं आहोत.

अप्पा


ओसाका
१३ मार्च २०२५

प्रिय अप्पा आणि आई,
सविनय जय भीम.

कामावरून आले, दारातच पत्र फोडलं आणि चपलाही न काढता तुम्हाला फोन लावला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. उत्पलाचे मोजे ओढून काढले, दोन्ही पाय कॅमेऱ्यासमोर धरले, सम्राट ओरडला, "सरळ हायत! नंबरी सरळ हायत!" आणि आई म्हणाली, "तुमी समदी मला बरं वाटावं म्हनून बोलताय."

तेव्हा आई, तू ज्यावर विश्वास ठेवतेस त्यातूनच सांगते. फोनवर मी अप्पांना चौकट घेऊन बसवलं आणि एकेका ओळीत पहिला मणी दोऱ्यापासून कितव्या घरात आहे ते विचारत गेले. माझा कागद माझ्यासमोर होता. वरून सगळं जुळत आलं आणि मधल्या एका ओळीशी थांबलं. माझ्या कागदावर आहे, 'दोन्ही कडा दोन घरं उजवीकडे.' तुमच्या कापडावर त्या दोन्ही कडा डावीकडे गेल्यात. बस, तेवढी एक ओळ. त्याच्या खालच्या सगळ्या ओळी आईनं बिनचूक टाचल्यात, पण प्रत्येक ओळ वरचीला विचारून बसलेली, त्यामुळे ती एक जिकडे गेली तिकडे सगळ्या गेल्या. पाय उत्पलाचा वाकडा नाही. ओळ वाकडी आहे.

आणि यात दोष असला तर माझ्या रीतीचा. फरकावरून चित्र पाठवायची ही पद्धत मुळात जिथे तारेत खरखर नसते तिथली आहे. टेलिफोनच्या तारेवर खरखर असायची, म्हणून जुन्या माणसांनी शहाणपणानं ठरवलं होतं, मधून मधून एक ओळ पहिल्यापासून पूर्ण सांगायची. मग चूक झालीच तर तिथे येऊन थांबते, पुढे जात नाही. हे मी लोकांना शिकवते, अप्पा! आणि आपल्या घरी पत्र पाठवताना विसरले.

मीही तुमच्यासारखंच केलं. तुम्ही गप्प झालात आणि मी ठरवून टाकलं की आई बाळंतपणावरून रागावली. त्याच्यावर पुढचं सगळं रचत गेले. माझं ते पत्र मिळालं असेल. फाडून टाका.

त्या ओळीपासून खालचं उसवा. नवा कागद सोबत आहे. दर चौथी ओळ पूर्ण लिहिली आहे.

आणि आई, तुझं ते बोलणं, 'पोरीचंबी चालंल', ते मी जपून ठेवलंय. माझी लेक सरळ पायांची आहे, पण ती कशीही असती तरी तिला अशी आजी होती, हे तिला मोठेपणी सांगणार आहे.

आम्ही एप्रिलमध्ये येतोय. तिघंही. तिकिटं काढली.

तुमची,
वृषाली


मिरजगाव
३ एप्रिल २०२५

चि. वृषाली,
सप्रेम जय भीम.

चोर सापडला. चोर मीच.

तुझं पत्र वाचल्यावर आम्ही दोघं त्या ओळीवर बसून राहिलो. ती म्हणाली, "त्या दिशी उसाचा ट्रॅक्टर गेल्ता. मोठ्यांदा गाणी लावून." मग मला सगळं आठवलं. हायवेवरून ट्रॅक्टर चाललेला, त्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. तिनं विचारलं, "कुनीकडं?" मी ओरडलो, पण गाण्यापुढं माझं काय चालणार? म्हणून मी चौकटीवर उजव्या बाजूला बोट वाजवलं, "हिकडं." आणि मी बसलो होतो तिच्या समोर तोंड करून. माझं उजवं ते तिचं डावं.

मी म्हटलं, "आता मला काय शिक्षा?"

ती म्हणाली, "हिकडं माज्या बाजूला येऊन बसा. कायमचं."

तेव्हापासून शेजारी बसूनच वाचतो. उसवायला तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! एकेक मणी काढून माझ्या तळहातावर टाकत होती आणि गुणगुणत होती. सहादेव दूध घालायला आला तर त्याला म्हणाली, "नातीचा पाय सरळ करतीया."

परवा टाच पुरी झाली. गोल, भरलेली, लाडवासारखी. तिनं हात फिरवला, कुठेही थांबला नाही. मग कापड गालाला लावलं.

जयंतीची तयारी जोरात आहे. विहाराला रंग दिला. तुझ्या आईनं खोबरेल तेलाची बाटली आणून ठेवली आहे.

तुझा,
अप्पा


ओसाका
६ मे २०२५

प्रिय अप्पा,

सुखरूप पोचलो. घर फार गप्प वाटतंय. उत्पला विमानात सगळ्यांकडे बघून हसत होती, सवय तुम्हीच लावलीत.

एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही आलो त्या दुपारी तुम्ही आणि महेंद्र मंडप बघायला गेला होतात, तेव्हाची. आई पाटावर पाय लांब करून बसली. तळहातावर तेल घेतलं आणि म्हणाली, "दे हिकडं." मी उत्पलाला तिच्या पायांवर ठेवलं. आईनं उजवा पाय बरोब्बर धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत गेली, चवड्यावरून खाली आली, टाच मुठीत घेतली.

आणि आई एकदम खळखळून हसली.

"आगं, ह्यो पाय न्हवं त्यो! ही तर वाढली!"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, अप्पा. ठसा घेतला तेव्हा ती दोन दिवसांची होती. आईनं मण्यांचं कापड मांडीवर ओढून घेतलं, एक हात त्यावर आणि एक हात उत्पलाच्या पायावर. "येवढी हुती, आनि येवढी झाली," असं म्हणत दोन्हींवरून हात फिरवत राहिली. आम्ही सगळे तिला रोज बघतो, पण ती वाढलेली आम्हाला कुणालाच कळली नव्हती. आईला कळली.

उत्पलानं मग त्याच पायानं तेलाची वाटी उडवली, ते डाग तुम्ही बघितलेच.

तुमची,
वृषाली


मिरजगाव
२५ मे २०२५

चि. वृषाली,
सप्रेम जय भीम.

सोबत कागद आहे. आता मणी तू टाच.

तुझ्या आईनं स्वतःच्या उजव्या हाताला शाई फासून पंजा कागदावर उठवला. "पोरीनं माजा हात धरला आन् गेली. तिला माजाबी हात पायजे," असं तिचं म्हणणं. सम्राटनं त्यावर घरं आखून दिली. मी शेजारी बसून आकडे मोठ्यानं वाचत लिहीत होतो, कोरी किती, भरलेली किती, आणि ती चौकटीतल्या कोऱ्या मॅटीवर बोटानं तेवढी घरं मोजत येत होती. दर चौथी ओळ पूर्ण घातली आहे, काळजी करू नको.

तिच्या मधल्या बोटाचं टोक थोडं वळलेलं आहे, तुला माहीतच आहे. विळ्यानं कापलं होतं, ते तसंच बसलं. त्या ओळींशी आलो तेव्हा मला वाटलं, नातीकडे चाललंय, जरा नीट जावं. मी गुपचूप दोन-तीन ओळींत एकेक घर इकडचं तिकडं केलं. बोट सरळ झालं, छान दिसायला लागलं.

तिचा हात लगेच थांबला.

"काय केलं तुमी?"

"काही नाही. जरा सरळ केलं."

"खोडा ते," ती म्हणाली. "हाय तसं लिवा. पोरगी उद्या माजा हात धरंल तवा तिला कळाय पायजे, ह्योच त्यो."

खोडलं आहे. त्या जागी जे लिहिलंय ते बरोबर आहे.

तुझा,
अप्पा